उभे राहिलेले केस

वळवाचे ढग दाटले, तेव्हा मी आणि माझी बायको सुनंदा उघड्या माळावरून घाईने घरी निघालो होतो. वारा एकाएकी पडला आणि तिचे केस आपोआप वर उठू लागले.

"अहो, बघा ना!" ती हसली. मलाही हसू आलं.

मागून एक मेंढपाळ ओरडला, "हसताय काय? खाली बसा, पाय जुळवा!"

आम्ही उकिडवे बसलो, तोच समोरच्या कातळावर वीज कोसळली.

आभाळ आणि जमीन यांच्यात विजेचा ताण कायमच असतो म्हणे. जन्मभर आपण त्यातूनच चालतो आणि ढगांनी तो वाढवेपर्यंत जाणवतही नाही. मेंढपाळ "उठा आता" म्हणाला, तरी सुनंदा उठेना. बिथरलेल्या जनावराला थोपटावं, तशी ती जमीन थोपटत होती.