साडेसहा फुटांची गळाची काठी

लाकडाचा मासा पाण्यात जिवंत होतो, हे मला कुणी सांगून पटलं नसतं. सुरतेत असताना मी ते डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही दोघं तिकडे तळ्यावर मासे धरायला जाता असं तुमची आई म्हणाली, म्हणून तुमच्यासाठी लिहून ठेवते.

माझा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर इंजिनिअर होता. नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीत तो दोन दिवस आमच्याकडे राहिला आणि जाताना तुमच्या आजोबांना एक नऊ फुटांची गळाची काठी आणि खोक्यात घातलेला एक लाकडी मासा देऊन गेला. मासा वीतभराहून लांब, तीन ठिकाणी सांधलेला, पाठीवर हिरवट रंग, पोटाखाली दोन गळ. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून लहान मासे धरतात. हा मासा होता मोठ्या माशांना फसवायला. मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर सव्वाशे ग्रॅम भरला.

आजोबा बँकेत होते. रविवारी ते शहराच्या वर, कामरेजच्या पलीकडे तापीवर जायचे. आमची सोसायटी पूर्ण शाकाहारी, आणि घर भाड्याने घेताना घरात मासा येणार नाही असा शब्द त्यांनी दिला होता. तो त्यांनी अकरा वर्षं पाळला. पकडलेलं सगळं होडीवाल्याला मिळायचं. हा होडीवाला खानदेशातला, कडोदऱ्याला लूमवर कामाला. त्याचे वाडवडील तापीवरच मासे धरायचे, फक्त नदीच्या वरच्या अंगाला, भुसावळकडे. लूमच्या सुट्टीला तो होडी काढायचा.

"खायचा नाही, आणायचा नाही, मग जाता कशाला?" मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"बघायला," आजोबा म्हणाले होते.

त्या दिवाळीआधीच्या पावसाळ्यात त्यांचा उजवा खांदा आखडला होता. चार महिने व्यायाम करून तो जेमतेम सुटला. डॉक्टरांनी बजावलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, झटका द्यायचा नाही. पुन्हा आखडला तर सदरासुद्धा दुसऱ्याने घालावा लागेल. आजोबांनी मान डोलावली आणि पुढच्याच रविवारी नवी लांब काठी घेऊन गेले. सहाव्या फेकीला ते होडीत खाली बसले ते काठाला लागेपर्यंत उठले नाहीत. घरी आल्यावर काठी माळ्यावर टाकली. मग रविवारी ते एकच वर्तमानपत्र दोनदा वाचू लागले. मी काही विचारलं तर "हं" एवढंच उत्तर. नदी सुटली, तर हा माणूस असाच खुर्चीत मिटत जाईल, याची मला भीती वाटायला लागली.

जानेवारीत भावाचं पत्र आलं: मार्चमध्ये मुंबईला येतोय, काही आणू का? मी शाळेत विज्ञान शिकवत होते. भरलेला तांब्या अंगाजवळ धरला तर हलका वाटतो, हात लांब करून धरला तर मनगट मोडतं, हे दरवर्षी मुलींना करून दाखवायचे. मग आपल्याच घरात हा धडा मी कसा विसरले? लांब काठीच्या टोकाला सव्वाशे ग्रॅमचा मासा म्हणजे तो तांब्याच.

मी वखारीतून चार बांबू कापून आणले: नऊ फूट, आठ, साडेसात आणि साडेसहा. प्रत्येकाच्या टोकाला चिंध्यांत गुंडाळलेली वजनं बांधली आणि आजोबांना आग्रह करून वर धाब्यावर, गच्चीत नेलं.

शेजारच्या गुजराती बेन त्यांच्या धाब्यावर पापड वाळत घालत होत्या. "शुं करो छो, बेन? उत्तरायण तो गई," त्या म्हणाल्या. "हवे पतंग वगर दोरी उडाडशो?" संक्रांत तर सरली, आता पतंगाशिवाय नुसती दोरी उडवणार का, असं त्या विचारत होत्या.

"तुमच्या भाईंचा व्यायाम चाललाय," मी म्हटलं.

"बधा बांबू एक भाई माटे?" त्या म्हणाल्या आणि एका माणसासाठी एवढे सगळे बांबू कशाला, ते बघायला पापड सोडून कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या.

प्रत्येक बांबू आजोबांनी दोन्ही हातांनी धरून कमरेजवळून हळू फिरवायचा आणि मी वही घेऊन त्यांच्याकडे बघायचं. दुखतंय का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. ते नाहीच म्हणणार. पण दुखलं की त्यांच्या कानाखालचा जबडा घट्ट व्हायचा. नऊ फुटीला तिसऱ्याच फेकीत झाला. आठला पाचव्या. साडेसहाला वीस झाल्या तरी सैल होता.

"एवढीशी काठी तर पोरांची असते," ते म्हणाले. "पल्ला कुठला मिळणार?"

हे त्यांचं कृष्णाकाठचं बालपण बोलत होतं. घाटावर उभं राहून गळ टाकणाऱ्याला प्रत्येक हातभर पाणी काठीनेच मिळवावं लागतं. अकरा वर्षं होडीत बसूनसुद्धा हा माणूस मनाने घाटावरच उभा होता.

साहेब येत नाहीत म्हणून चौकशीला त्याच आठवड्यात होडीवाला घरी आला. मी त्याला बांबू दाखवले. तो हसला.

"साहेब, काठवर उभा ऱ्हास त्याले लांब काठी जोयजे. आपली होडी शे ना. जठे मासा, तठे मी तुमले लई जास. तुमी फक्त पानीम्हा टाका."

"म्हणजे मी नुसता बसू?"

"इतला वरीस काय करी राहिनात मंग?"

आजोबा बऱ्याच दिवसांनी हसले. मी त्याच संध्याकाळी भावाला लिहिलं: साडेसहा फूट, जाड, सहज न वाकणारी, मूठ दोन्ही हात मावतील एवढी.

मार्चमध्ये काठी आली. पहिल्या रविवारी मीही होडीत बसले, खांद्यावर नजर ठेवायला. सकाळची वेळ, पाणी निवळलेलं. दोन पुरुष खोलीवरचे दगडही दिसत होते. आजोबांनी झटका न देता, पाळण्याला झोका द्यावा तशी काठी कमरेतून फिरवली. मासा फार लांब गेला नाही. पण ते दोर गुंडाळू लागले आणि मी खांद्याकडे बघायचं विसरले. खोक्यातलं ते लाकूड पाण्यात शेपटी हलवत होतं. वळत होतं, थबकत होतं, सुस्त माशासारखं ऊन खात येत होतं. खरे बारीक मासे त्याला वाट देत होते.

दहा-बारा फेकी झाल्या. मग एकदा लाकडी माशामागे तळातला एक दगड हलला.

तो दगड नव्हता. शिवडा होता: खवले नसलेला, चपटा, राखी, मिशा मागे टाकलेला, माझ्या उंचीहून फार कमी नसेल. एवढा जीव या नदीत आपल्या खाली राहतो, आणि वर पुलावरून ट्रक जात असतात. तो होडीपाशी आला आणि थांबला. त्याचा डोळा बारीक होता. त्याला आम्ही दिसत होतो की नाही, कोण जाणे.

आता दोर सगळा गुंडाळून झाला होता. लाकडी मासा वर काढला असता तर शिवडा निघून गेला असता. आजोबांनी आखूड काठीचं टोक पाण्यात बुडवलं आणि होडीच्या कडेकडेने लाकडी माशाला एक सावकाश वळण दिलं. लांब काठीने एवढ्या जवळ ते जमलं नसतं. शिवड्याने तोंड उघडलं. ते तोंड म्हणजे नुसती पोकळी होती. लाकडी मासा आत गेला.

होडी कलली. होडीवाल्याने वल्ह्याने ती सावरली. आजोबांनी मूठ पोटाशी दाबून धरली, दोन्ही कोपरं अंगाला चिकटलेली. शिवडा एकदा तळाकडे गेला, मग वर येऊन पाण्यावर पूर्ण आडवा लोळला. सोनेरी पोट, पंख्यासारखा लांब पर. त्याने डोकं झटकलं आणि लाकडी मासा सुटून पाण्यावर तरंगला. पाणी शांत व्हायला बराच वेळ लागला.

होडीवाल्याने हात जोडले होते.

आजोबांनी लाकडी मासा वर घेतला. हिरव्या रंगावर बारीक दातांच्या दोन रांगा उमटल्या होत्या. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"अहो, खांदा?" मी विचारलं.

"काय?" ते म्हणाले. त्यांचा जबडा सैल होता. "जरा त्या खडकाकडे घे रे," ते होडीवाल्याला म्हणाले, आणि उठून पाय रोवून उभे राहिले.