भाऊजींच्या लोखंडी घोड्या

जवळ असतास ना रे सुहास, तर कानच पकडला असता तुझा. काल घरच्या ग्रुपवर फोटो टाकलास, गुरुग्रामच्या पार्किंगमध्ये गाडीचे शॉकर बदलतोयस म्हणून. गाडीखालून तुझे पाय दिसले, जॅक दिसला, आणि जॅकशेजारी रचलेल्या विटा. पुढे मला बघवलं नाही.

तुझे बाबा, म्हणजे माझे धाकटे दीर, माझे भाऊजी. त्यांची एक खोडच होती. गाडी उचलून झाली की आधी ते तिला पाडायला बघायचे. चाकांना दगड लावलेले, गाडीच्या पोटाखाली दोन लोखंडी घोड्या टेकवलेल्या, तरी दोन्ही हातांनी तिला गदागदा हलवायचे. सोसायटी हसायची. ते म्हणायचे, "आत्ता पडली तर नुसती गाडी पडेल."

जॅकवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तो उचलायला, धरून ठेवायला नाही, म्हणायचे. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं म्हणून जॅकखाली फळी हवी. माझा जेवायचा पाट त्यातच गेला. आणि विटांचं नाव काढलं की, "वहिनी, विटेवर विठोबा उभा राहतो, गाडी नाही."

खालच्या मजल्यावरचे चोप्राजी तुला आठवत असतील. भाऊजींनी त्यांनाही सांगितलं होतं, माझ्या घोड्या घ्या. "अरे यार, पाँच मिनट का काम है," म्हणत ते विटांवर टेकवलेल्या गाडीखाली शिरले. भाऊजी हसून वर चहाला आले. कप हातात होता, तेव्हा आवाज आला. वीट फुटली होती. सगळ्यांनी मिळून गाडी उचलली, भाऊजींनी घोड्या सरकवल्या, चोप्राजींना ओढून बाहेर काढलं. उपयोग नव्हता.

विठोबाचा तो विनोद भाऊजींनी पुन्हा कधी केला नाही. कुणी जॅक काढलेला दिसला की भरल्या ताटावरून उठायचे, घोड्या घेऊन खाली जायचे आणि तो माणूस बाहेर येईपर्यंत तिथेच उभे. लोक वैतागायचे. मी एकदा म्हटलं, अहो, तुम्ही सांगितलं होतंत की चोप्राजींना. तर म्हणाले, "सांगितलं, वहिनी. हात नाही धरला."

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं भाऊजी गेले. घोड्या माझ्या बाल्कनीत आहेत. एकीवर तुळस होती, एकीवर कढीपत्ता. आज दोन्ही कुंड्या खाली उतरवून ठेवल्यात. त्या घोड्या उचलून तुझ्याकडे आणणं काही मला आता झेपायचं नाही. तेव्हा तूच ये. गाडी आहे तशी राहू दे, तिच्याखाली शिरू नकोस. मेट्रोनं ये, उद्याच ये, जेवायलाच ये.