चारचौघांतली शिक्षा

सरकारी रुग्णालयाच्या आवारात तिशीचा एक माणूस झाडू मारीत होता. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाईंनी त्याला विचारले, "नवीन लागलास काय रे?"

"नाही आजी, शिक्षा आहे. सायकल चोरली होती. पहिलीच चोरी, आणि परतही केली. म्हणून कोर्टाने तुरुंगाऐवजी हे दिलं."

"आणि पोटापाण्याचं?"

"दुपारी गॅरेजला जातो. आत गेलो असतो तर ते काम सुटलंच होतं."

"मग नीट झाड. तो कोपऱ्यातला पाला काय जज्जसाहेब उचलणार?"

बाकावरचे सारे हसले. तोही हसला आणि कोपऱ्याकडे वळला.

मला हायसे वाटले. तुरुंगाच्या भिंतीबाहेरून नागरिकाला शासनाचे केवळ बळ दिसते. आतला न्याय त्याच्यासाठी ऐकीवच असतो. येथे शिक्षा सर्वांसमक्ष चालली होती आणि सर्वांना ती रास्त वाटत होती. आजीबाई तर तिच्यावर देखरेखही करू लागल्या होत्या. राज्यसत्तेला याहून भक्कम आधार मला ठाऊक नाही.

एवढ्यात आजीबाईंचे नाव पुकारले गेले. त्या उठल्या, कोपऱ्यात झाडणाऱ्या त्या माणसाच्या हाती आपली पिशवी दिली आणि म्हणाल्या, "सांभाळ जरा. डॉक्टरांना दाखवून येते."