मधल्या खोलीतली होडी

घाटकोपरला समुद्र नाही, हे मला मान्य आहे. तरीही ऐंशीच्या दशकातल्या एका शनिवारी संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावरच्या मधल्या खोलीत भर समुद्रात होतो. रविवारी सकाळी बुडालो. कसा, ते सांगतो.

खोली माझ्या मित्राची. तो कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्याने कुणाकडून तरी एक जुनी, लाकडी, बावीस फुटी शिडाची होडी घेतली होती. ती माहुलच्या खाडीतल्या चिखलात पडलेली असे. दोन वर्षांचे सगळे रविवार आम्ही तिथे घातले. कुजक्या फळ्या बदलल्या, तिथल्या म्हाताऱ्या कोळी सुताराच्या शिव्या खात फटींमध्ये कापूस आणि राळ ठोकली, डोलकाठी नव्याने उभी केली. बेत मालवणला जायचा होता, आणि तोही जाळी नि खडक टाळायला किनारा दिसेनासा होईल इतक्या लांबून. म्हणजे तीन-चार दिवस सलग पाण्यात. एकट्याचं काम नाही. एक सुकाणूवर, एक झोपलेला. झोपलेला मी, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

अडचण एकच होती. वहिनींचा होकार. वहिनी मालवणच्या, मालाच्या गलबतावरच्या तांडेलाची मुलगी. भाकरी थापता थापता त्यांनी सगळा बेत ऐकला आणि म्हणाल्या, "दर्यात जावचा आसा मां? मगे आधी घरात ऱ्हवान दाखवा."

त्यांनी खुर्च्या भिंतीला सारल्या आणि नवऱ्याच्याच नकाशावरून मापं घेऊन फरशीवर खडूने होडी काढली. साडेसहा फुटांची कोठडी, मागे सुकाणूची बैठक. खडूच्या आत होडी, बाहेर पाणी. रविवारी दिवेलागणीपर्यंत दोघांनी आत राहायचं. राहिलो तर मालवण, नाही तर होडी विकायची. नैसर्गिक गरजेपुरतं न्हाणीघर हे बंदर जाहीर झालं. बाकी कुठेही पाय टाकायचा नाही.

"अहो, स्टोव्ह कुठे ठेवणार?"

"फळीला स्क्रूने घट्ट बसवणार," मित्र ऐटीत म्हणाला.

"म्हणजे होडी कलली की आमटी तुमच्या पायावर. टांगा तो."

मुलगी कॉलेजात गेलेली, पाळणा केव्हाच माळ्यावर, पण छताच्या कड्या जागेवर होत्या. वहिनींनी त्यांना साखळ्या अडकवल्या, साखळ्यांना पाट आणि पाटावर रॉकेलचा स्टोव्ह. पातेल्याभोवती तारेचं कडं. मग हाताने एक झोका दिला. "लाट आली!" पाट झुलला, पातेलं हललं नाही. मित्राने दोन महिने घालवून काढलेला स्वयंपाकाच्या कप्प्याचा नकाशा गपचूप घडी करून खिशात घातला.

मी तर खूश! एकेका वस्तूवर त्यांचा हात फिरत होता. पाण्याची एकच टाकी? फुटली तर? चार कॅन घ्या, चार कोपऱ्यांत. काडेपेट्या झाकणाच्या बाटलीत. मिठाच्या डब्याला सुतळी, साखरेच्या डब्याला नाही, म्हणजे दिवा नसताना हाताला कळेल. दोन वर्षं होडी बांधली आम्ही, आणि त्यात राहायचं कसं हे एका संध्याकाळात या बाईंनी ठरवलं.

रात्र नीट गेली. सकाळी पोहे झुलत्या स्टोव्हवर झाले. दहाच्या सुमारास शेजारच्या ट्रान्झिस्टरवर कॉमेंटरी चालू होती आणि अचानक अख्ख्या गॅलरीत आरडाओरडा झाला. मी उडी मारून दारात.

"काय झालं रे? किती झाले?"

मागून वहिनींचा शांत आवाज आला. "एक बुडाला."

मी खाली पाहिलं. खडूपासून चार पावलं दूर होतो.

"अगं, मस्करीत काय..." मित्र म्हणाला.

"आणि तुम्ही? भावोजी पाण्यात गेले, तुम्ही कान देऊन स्कोअर ऐकताय. कुणाच्याच कमरेला दोरी नाही. खरा दर्या असता तर?"

मित्राने कॅनमधल्या पाण्यात फडकं भिजवलं आणि खाली बसून खडू पुसायला घेतला. दोन वर्षांचे रविवार त्या फडक्याखाली जात होते. माझी काय वाट लागली असेल!

"पुसू नका," वहिनी म्हणाल्या. "भावोजी बुडाले. होडी नाही बुडाली."

त्यांनी पदर खोचला, रेघ ओलांडून आत आल्या आणि माझ्या जागी बसल्या. दिवेलागणीपर्यंत दोघं तिथून हलली नाहीत. मी बुडालेला असल्यामुळे मला जेवणही मिळालं नाही. मागितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मेलेली माणसं बोलत नाहीत, भावोजी."

थंडीतल्या एका सकाळी, भरती आल्यावर, माहुलहून होडी निघाली. मी गुडघाभर चिखलात उभा राहून जोरजोरात हात हलवत होतो. दोघांच्याही कमरेला दोरी होती. वहिनी सुकाणूवर बसल्या होत्या, मान वर, नजर शिडावर. मित्राने त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी एका हाताने शीड थोडं सैल सोडायची खूण केली, त्याने मुकाट्याने सोडलं, आणि होडी खाडीच्या तोंडाकडे वळली.