सांगणारा माणूस

मी हात खाली केला. म्हणजे क्यू दिला, बोलायला सुरुवात करा. बाई बोलल्याच नाहीत.

ऐंशीच्या दशकात नागपुरात एका मराठी मालिकेच्या ऑडिशन चालल्या होत्या. मी फ्लोअर मॅनेजर. निर्माते काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये बसतात. ते हेडफोनमधून मला सांगतात, मी नटांना. नटाने आत यायचं, नाव सांगायचं, डावीकडे-उजवीकडे वळून चेहरा दाखवायचा, मग थोड्या वेळापूर्वी दिलेला उतारा बोलायचा. एवढंच असतं. पण समोर प्रेक्षक नसतो, आणि तिथेच भल्याभल्यांची तारांबळ उडते.

या कुंदाबाई वडशाच्या. झाडीपट्टीच्या, म्हणजे तिकडच्या गावोगावच्या, नाटकांत मैदानभर गर्दीसमोर उभं राहणाऱ्या. सासूच्या भूमिकेसाठी आल्या होत्या. नाटकांचा हंगाम सरला की हाताला काम नाही, म्हणून ही भूमिका हवीच, असं बाहेर बाकावर सांगत होत्या.

"विसरली. पुढची बोलाव," हेडफोनमध्ये निर्मातेसाहेब.

विसरलेला नट वर बघतो, छताकडे. बाई खाली बघत होत्या, कॅमेऱ्याच्या पायाशी.

"काय झालं, बाई?"

"तुमचा माणूस बसला नाही ना भाऊ अजून."

"कोणता माणूस?"

"सांगणारा! काहून, तुमच्या इथं नसते का?"

माझी सासुरवाडी तिकडचीच. तिथली नाटकं आठवली. तिथे रंगमंचापुढच्या खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो. तो प्रत्येक वाक्य आधी सांगतो, नट ते उचलून खुलवतो.

"साहेब, मी सांगायला बसतो. एकदा बघा."

"ऑडिशन तिची आहे की तुझी?"

"माझा आवाज येईल. तेवढा सोडून द्या."

"जमलं नाही तर उद्यापासून घरीच बस."

मी कॅमेऱ्याखाली मांडी घातली. पहिलं वाक्य सांगितलं. बाईंनी ते असं फेकलं की साउंडवाला "अरे बाप रे!" करून कान चोळू लागला. मी आवाज उतरवला. त्यांनीही उतरवला. मी आणखी उतरवला, अगदी कुजबुजीवर आलो. घर सोडून निघालेल्या सुनेला "जाऊ नको" म्हणताना त्यांचे डोळे माझ्यावर होते. म्हणजे भिंगाच्या जरा खाली, आम्हाला हवे तिथेच.

हेडफोनमध्ये साहेब, "नाव लिहून घे. आणि ऊठ आता, सूनबाई."

बाईंना भूमिका मिळाली. सुरुवातीच्या रिहर्सलना मी खाली बसायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, "आज बसू नका गा भाऊ. तुमचा आवाज आता डोक्यातच येऊन राहिला." इतकी वर्षं फ्लोअरवर काढली, पण अभिमान म्हटला की मला हेच वाक्य आठवतं.

तरी एक सांगायलाच हवं. त्या ऑडिशनच्या सकाळी, बाईंच्या आधी, झाडीपट्टीतलाच एक नट असाच गप्प उभा होता, असाच खाली बघत. त्याला मी "धन्यवाद, पुढचे" म्हणून दार दाखवलं होतं. बाईंचं कौतुक कुणी केलं की मला तो दिसतो.

म्हणून ऑडिशनला जाणाऱ्यांना एवढंच सांगतो. अडलं तर गप्प राहू नका, विचारा. समोर हेडफोन लावून उभ्या असलेल्या माणसाला सगळं कळतंच असं नाही.