बोटीतलं बिऱ्हाड

आमची गिरगावातली चाळ पाडायला घेतली, तेव्हा मुलाने आम्हा नवराबायकोची छान वाटणी केली. मी ठाण्याला त्याच्याकडे जायचं, कारण नातू लहान आणि सून नोकरीला. यांनी गावी धाकट्या दिरांकडे जायचं, कारण ठाण्याच्या घरात अडचण होते. नवी इमारत होईपर्यंतच, म्हणे! आमच्या गल्लीत इमारतीची वाट बघता बघता कितीजण भिंतीवरच्या फोटोत गेले, आणि भिंतसुद्धा भाड्याची. मी रडले, चिडले, भांडी आपटली. हे उठले आणि बोट घेऊन आले.

हो, बोट. शिडाची, जुनी. हे जन्मभर गोदीतली लाँच चालवायचे, त्यामुळे बोट दिसली की यांची अक्कल गहाण पडते. कुणा डॉक्टरने हौसेने घेतली होती. पहिल्याच फेरीत सगळ्या घराला उलट्या झाल्या आणि विकायला काढली. यांच्या एका कोळी मित्राने वरळी कोळीवाड्यासमोर ती नांगरायची सोय करून दिली. "तिथे राहू, दोघं," हे म्हणाले. मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुमचं?" तरी रविवारी बघायला गेले. मुलाला मी संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं.

साडी सावरत होडीतून बोटीवर चढताना सगळे देव आठवले. मित्राने हात दिला, यांनी सूचना दिल्या. आत शिरल्यावर तर यांच्यापेक्षा बिल्डरचा एजंट परवडला.

"हे स्वयंपाकघर." एक शेगडी लोंबकळत होती. बोट कलली की शेगडी झुलणार, पण वरचं पातेलं सरळच राहणार, असं यांनी समजावलं. "आणि मी?" म्हटलं. हे वर हात दाखवून पुढचं सांगायला लागले. शेगडीच्या वर दारूचे ग्लास उलटे टांगायची फळी. तिथे मी मनातल्या मनात झारा आणि पळी अडकवून टाकली. बाकाखाली कप्पे, कप्प्यांखाली पाण्याची टाकी, टेबल खाली दाबलं की पलंग. डॉक्टर सांगायचे म्हणे, चारजण आरामात झोपतात. चार? आमच्या चाळीच्या हिशोबाने तिथे मुलीकडचं वऱ्हाड उतरवता आलं असतं.

"आणि हा आपला स्वतःचा संडास!" देवघर दाखवावं तसं यांनी दार उघडलं. जन्मभर गॅलरीच्या टोकाला बादली घेऊन रांग लावली, आणि आता घरात मिळाला तर तो हापसायचा! दांडा वर, दांडा खाली. "व्यायाम होतो," हे म्हणाले.

"आणि पावसाळ्यात काय?"

"पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवतात."

"मग आपण?"

"आपण बोटीतच. किनाऱ्यावर."

घ्या! मी कपाळाला हात लावला.

मित्राच्या घरून आलेलं बोंबलाचं कालवण जेवलो, मित्र होडी घेऊन परत गेला आणि माझे डोळे मिटायला लागले. बोटीच्या अगदी टोकाला दोघांना पुरेल असा पलंग होता. मी आडवी झाले. हे उठले, पथारी काखोटीला मारली आणि निमूट बाहेर उघड्या फळ्यांवर निघाले.

चाळीत पुरुष गॅलरीत झोपतात. आत सासूबाई, दोन नणंदा, मी आणि पोर; बाहेर हे आणि मजल्यावरचे यच्चयावत पुरुष, ओळीने. मग पोर झालं कसं, ते विचारू नका. तळमजल्यावर सत्यनारायण असला की वरचा मजला रिकामा व्हायचा, देवाचीच कृपा. पुढे सासूबाई गेल्या, नणंदा सासरी गेल्या, मुलगा ठाण्याला गेला. खोलीत मी एकटी उरले, तरी हा माणूस गॅलरीत! आत या म्हणायची मला लाज वाटायची. या वयात शेजारी काय म्हणतील? आणि आता, दोघांनी एकत्र राहावं म्हणून बोट घेणारा हा शहाणा पुन्हा बाहेरच चालला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो! कुठे निघालात? आत या!"

यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. समुद्रात कोण बघणार होतं, कपाळ! आले, दारात डोकं आपटलं, आणि भिंतीला चिकटून पडले.

तो पलंग डोक्याशी ऐसपैस आणि पायांशी निमुळता. बोट थोडी हलली आणि यांचा पाय माझ्या पायाला लागला. हे दचकून उठले, माझ्या पायाला हात लावला आणि तो स्वतःच्या छातीला लावून नमस्कार केला. बसमधल्या परक्या बाईला करावा तसा! मी हसत सुटले. हसता हसता कधी रडायला लागले, माझं मलाच कळलं नाही.

"राहू दे पाय तिथेच," मी म्हटलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, ठरलं ना? कधी येतेस?"

"नाही रे बाळा," मी म्हटलं. "तू पोराला सांभाळायला एखादी बाई बघ. मी यांच्याजवळ राहते."