भवऱ्या आणि मोठेबाबा

आमचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, कोणाच्याही जनावराचं तोंड आधी पाहायचे नाहीत. "पहिले चालवून दाखव," म्हणायचे. मालक बिचारा गुण गात राही आणि हे मान खाली घालून नुसती पावलं पाहत. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा पाहुण्यांचा चहा झाल्याबरोबर हे सगळ्यांदेखत मुलाला म्हणाले, "बाबू, त्या विहिरीपर्यंत जाऊन ये बरं." तो मुकाट्यानं गेला आणि आला. मोठेबाबांनी मान डोलावली. तो मुलगा आज माझा नवरा आहे, आणि अजूनही विहिरीचं नाव काढलं की त्याचं तोंड उतरतं.

आमचं गाव सडक अर्जुनीच्या अलीकडे, हायवेला लागून. तिथं मोठेबाबांनी आयुष्यभर बैल पारखले. मग घरोघर ट्रॅक्टर आले, आमचीही शेवटची जोडी गेली, आणि त्यांच्या मुलानं, आमच्या दादानं, गोठा धुऊन तिथं मोटारसायकल उभी केली. मोठेबाबांचं जेवणातलं लक्षच उडालं. "गोठ्यात गाडी कायले? श्वास घेते का थे?" त्यांची धुसफूस ऐकून कंटाळलेल्या दादानं शेवटी नागपूरहून राखणीला रॉटवायलर कुत्री आणली. या जातीचे पूर्वज तिकडे परदेशात खाटकांचे छोटे गाडे ओढायचे, असं त्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं, तसे मोठेबाबा खाटेवर ताठ उठून बसले. "मंग हा कुत्रा नोहे. हा बैलच होय!"

झालं. बैलाचे सगळे नियम कुत्र्याला लागू झाले. छाती खोल हवी, पाठ सरळ हवी, डोकं रुंद आणि मागचे पाय रेटा देणारे हवेत. रंग काळाभोर, डोळ्यांवर तांबूस ठिपके ठळक, एकमेकांत न मिसळलेले. पण रूप त्यांच्या लेखी अर्धंच. खरी परीक्षा स्वभावाची. "आवाजानं दचकला तं भित्रा. उगाच गुरगुरला तं तोही भित्राच. कामाचं जनावर उभं राह्यते अन् पाह्यते," असं ते बजावून सांगत.

पुढे कुत्रीला पिल्लं झाली. त्यातल्या सर्वांत दांडग्या पिल्लाच्या खांद्यावर केसांचा भवरा निघाला. तसा भवरा असलेला बैल धन्याला बुडवतो, अशी आमच्याकडची जुनी समजूत. मोठेबाबांचा चेहराच पडला. मी म्हटलं, "मोठेबाबा, कुत्र्याला कुठला आलाय भवरा?" तर म्हणाले, "तू मास्तरीण होस ना? मंग पोरं पाह्य." बाकीची पिल्लं त्यांनी खुशाल वाटली. एक राइस मिलच्या सेठनं नेलं. जाताना सेठ हसून म्हणाला, "काका, हमको तो बस काटनेवाला चाहिए." खोट असलेलं जनावर दुसऱ्याच्या दारात बांधायचं नाही, हा मोठेबाबांचा बाणा, म्हणून भवऱ्याचं पिल्लू तेवढं गोठ्यात राहिलं. त्याचं नावच भवऱ्या पडलं.

भवऱ्या वाढून थोराड झाला आणि एक दिवस बातमी आली की मिलवरच्या कुत्र्यानं हमालाचा पाय फाडला. गाव हादरलं. आमचे पोलीस पाटील दारात येऊन उभे राहिले. "बाबाजी, हा त्याचाच भाऊ होय. गावात लेकरं आहेत. याले बाहेर काढा." दादाही तयार झाला. मोठेबाबा एसटीत बसून थेट मिलवर गेले आणि संध्याकाळी परत आले तेव्हा कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. "हातभर साखळी. दिवसभर उन्हात. येणारा-जाणारा काडी टोचून राह्यला त्याले. मी जिंदगीभर केस पाह्यत बसलो, धनी पाह्यलाच नाही."

मग उठून ते पाटलांच्या घरी गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा भरतो. "तान्ह्या पोळ्याले हा लेकरायच्या मधात उभा राहीन. नुसता गुरगुरला तरी त्याच दिवशी गावाबाहेर. माहा शब्द."

त्यानंतर त्यांनी ध्यासच घेतला. जुन्या सायकलच्या चाकांची छोटी गाडी केली, भवऱ्याच्या छातीला मऊ पट्टा बांधला. उन्हं चढायच्या आत दोघं हायवेच्या कडेनं ट्रकांच्या भोंग्यांतून चालून यायचे. त्याच्या जेवणाच्या वेळी मोठेबाबा मुद्दाम थाळी बडवायचे. त्यांची बायको, आमची मोठीआई, त्यांच्या नावानं बोटं मोडायची. मी रविवारी सासरहून, कुडव्याहून, गाडीवर यायची, तेव्हा माझा जीव वर-खाली व्हायचा. एखाद्या पोराला ओरखडा जरी निघाला तर? शेवटी एकदा बोललेच. ते शांतपणे म्हणाले, "काऊन भेऊन राह्यली? मी त्याले शिकवून नाही राह्यलो व. तो शिकलेलाच आहे. मी तुमाले दाखवून राह्यलो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून आवतन देतात. मोठेबाबांनी ते भवऱ्याला दिलं. नेमकं खांद्यावरच्या केसांच्या भवऱ्यावरच लोणी चोळलं आणि म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." भवऱ्यानं मान वळवून सगळं लोणी चाटून टाकलं. "बैलाहून हुशार आहे," मोठेबाबा म्हणाले.

तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले चाकांचे लाकडी नंदी घेऊन तोरणाखाली जमली. डफ वाजत होते. भवऱ्या गाडीला जुंपून मधोमध उभा होता, आणि आया आपापल्या पोरांचे दंड धरून. तेवढ्यात कोणीतरी फटाका लावला. नंदी ओढणारी एक चिमुरडी दचकली, धडपडली आणि सरळ भवऱ्याच्या मानेवर पडली. सावरायला तिनं त्याचा कानच मुठीत धरला. भवऱ्यानं मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबा जागचे हलले नाहीत. मग तो अंग अलगद टेकवत खाली बसला, म्हणजे पोरीला उतरता येईल. पोरगी उतरली नाहीच, खिदळायला लागली. पोलीस पाटील पुढे येऊन म्हणाले, "हा तं लय गरीब जनावर निघाला गा." मोठेबाबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. घाम होता की काय, मी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मोठेबाबा गेले. पोळा जवळ आला तेव्हा दादा म्हणाला, यंदा राहू दे, भवऱ्याला कोण धरणार? मी आदल्या दिवशीच गावी गेले. त्याच्या खांद्यावर हळद-लोणी चोळलं, आवतन दिलं.

तान्ह्या पोळ्याला भवऱ्याला गाडीला जुंपता जुंपता आम्हा दोघांना तोरणाशी पोचायला उशीर झाला. पोरं चुळबुळत होती. तोरण तोडून पोरांचे नंदी सोडायचा मान पोलीस पाटलांचा, आणि ते हात बांधून उभे होते. भवऱ्या आल्याबिगर तोरण तुटत नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला पाहून ते म्हणाले, "ये बाई. पहिले चालवून दाखव."

मी दोरी धरून निघाले. भवऱ्या माझ्या गुडघ्याला लागून चालत होता. त्याची पावलं पाहायला मी मान खाली घातली आणि मला रडू कोसळलं. तो थांबला नाही, म्हणून मीही थांबले नाही.